निर्देशांक फंड की व्यवस्थापकाचा फंड?



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले व आयुष्यभर अंकगणित शिकविलेले गृहस्थ. अर्थशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु नातीच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेल्या रकमेने आम्हांस जो धडा दिला तो आपणांपुढे मांडावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली.

२०१७ साली आम्ही निवृत्त झालो व त्याच वर्षी नात जन्मली. एका परिचिताने आदल्या वर्षी पहिला आलेला म्युच्युअल फंड सुचविला. त्याचा व्यवस्थापक मोठा हुशार, असे कळले. पुढे तो व्यवस्थापक अन्यत्र गेला आणि फंड बाजाराच्या मागे पडला. वर्गातील पहिला विद्यार्थी दरवर्षी पहिला येतोच असे नाही, हे निदान आम्हांस तरी ठाऊक असावयास हवे होते!

आपल्या चांदवडच्याच कांदाबाजाराचा दाखला घ्या. तेथे किमान, कमाल व सरासरी असे तीन भाव निघतात. उन्हाळ कांदा चाळीत राखून कमाल भाव साधणारा शेतकरी असतोच, व त्याची कथा गावभर होते. परंतु सर्वांचा मिळून भाव सरासरीच असावयाचा, आणि राखणाऱ्यास घट व चाळीचा खर्च सोसावा लागतो. शेअरबाजारातही एकास सरासरीहून अधिक मिळाले की दुसऱ्यास कमी मिळालेच पाहिजे. निर्देशांक फंड, ज्यास इंडेक्स फंड म्हणतात, तो निवड करीतच नाही. निफ्टीच्या ५० कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात घेतो, म्हणून त्याचा खर्च अल्प. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य माणसासाठी असा फंड काढला. पुढे १९९१ साली विल्यम शार्प यांनी दाखविले की, खर्च वजा जाता निवड करणाऱ्यांच्या हाती एकंदरीत सरासरीहून कमीच उरते.

हा खर्च किरकोळ वाटतो, म्हणून फळ्यावरचे गणित करू. १ लक्ष रुपये चक्रवाढीने दरसाल ११ टक्के वाढले, तर २० वर्षांत सुमारे ८ लक्ष ६ हजार होतात. खर्चापायी १ टक्का गेला, तर सुमारे ६ लक्ष ७३ हजार. तफावत १ लक्ष ३३ हजारांची, मुद्दलाहूनही अधिक! (हे दर केवळ उदाहरणाचे, बाजार कसलीही हमी देत नाही.)

लहान कंपन्यांच्या शेअरांत कुशल व्यवस्थापकास अधिक वाव असतो, असे म्हणतात. ते आम्ही नाकारीत नाही. तो व्यवस्थापक आधी ओळखावा कसा, एवढेच विचारतो. आणि निर्देशांक फंडही बाजाराबरोबर कोसळतो. २०२० च्या जानेवारी ते मार्च या काळात निफ्टी सुमारे ३८ टक्के उतरला होता. म्हणून चार-पाच वर्षांत लागणारा पैसा तेथे ठेवू नये.

आम्ही कराचा हिशेब पाहून जुन्या फंडातील रक्कम निर्देशांक फंडात नेली. अर्जावर चिरंजीवांनी ‘डायरेक्ट’ हा पर्याय निवडला. २०१३ पासून मिळणाऱ्या या मार्गात मध्यस्थाची दलाली लागत नाही. नात बारावीच्या जवळ येईल तसतशी रक्कम थोडी थोडी पोस्टात हलवावयाची, असे घरात ठरले आहे.