डिलीट केलं म्हणजे गेलं का?

(पिंपळगाव बसवंत येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी मोबाईलच्या बॅकअपवर बोलणार आहे. तुम्हाला वाटेल, यात काय सांगायचं, आम्हाला सगळं येतं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून आधी माझीच चूक सांगतो.

नवा फोन घेतला तेव्हा जुना मी चुलत भावाला दिला. सिम काढलं, मेमरी कार्ड काढलं. गूगल अकाउंट मात्र त्यात तसंच राहिलं. पुढे घरात आपाची मेहंदी झाली. कॅमेरा चांगला म्हणून बायकांनी माझाच फोन आत नेला. रात्री बॅकअप झाला आणि सकाळी ते फोटो जुन्या फोनवर दिसू लागले. भाऊ भला, त्यानं पाहणं बंद करून मला लगेच कळवलं. मी घाबरलो. गूगल फोटोज उघडलं आणि त्या महिन्याचे सगळे फोटो उडवले. दादीचे शेवटचे फोटोही त्यातच होते. ते फोनवरूनही गेले आणि क्लाउडवरूनही.

नशीब, बॅकअप झालेले फोटो डिलीट केल्यावर 60 दिवस 'बिन'मध्ये राहतात. दादी परत मिळाली. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या: बिन रिकामा करेपर्यंत मेहंदीचे फोटोही तिथंच होते.

आपल्या घरांत पत्र्याची पेटी असायची. सातबारा, निकाहनामा, शाळेचा दाखला, सगळं तिच्यात, किल्ली अम्मीकडे. आता ती पेटी क्लाउडवर गेली. बाजार समितीतल्या टोमॅटोच्या हिशोबपट्टीपासून अब्बांच्या दवाखान्याच्या रिपोर्टपर्यंत सगळं तिथं आहे. मग किल्ली कुणाकुणाकडे आहे, हे आपल्याला माहीत नको?

म्हणून आज घरी गेल्यावर चार कामं करा.

पहिलं, गूगल अकाउंटच्या 'सुरक्षा' विभागात तुमच्या डिव्हाइसेसची यादी बघा. विकलेला, दिलेला, हरवलेला फोन दिसला तर तिथूनच साइन आउट करा. यापुढे फोन देताना आधी अकाउंट काढा, मग फॅक्टरी रीसेट करा.

दुसरं, जागा हवी असेल तर फोटो डिलीट करत बसू नका. गूगल फोटोजमध्ये 'जागा मोकळी करा' हा पर्याय आहे. तो बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत काढतो. गूगलची फुकट जागा 15 जीबी. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. आयक्लाउडची 5 जीबी. ती भरली की नवीन बॅकअप थांबतो आणि आपल्याला वाटत राहतं की सगळं सुरक्षित आहे.

तिसरं, व्हॉट्सअ‍ॅप. मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, पण क्लाउडवरच्या बॅकअपला ते कुलूप आपोआप लागत नाही. 2021 पासून ही सोय आहे. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथं जाऊन ती चालू करावी लागते. पासवर्ड ठेवा किंवा 64 अंकी की घ्या, आणि वहीत लिहून ठेवा. ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. बॅकअप नकोच असेल तर नुसता बंद करून भागत नाही. जुना बॅकअप ड्राइव्ह अ‍ॅपच्या मेन्यूतल्या 'बॅकअप्स'मध्ये जाऊन काढावा लागतो.

चौथं, पुसण्याआधी महत्त्वाचे कागद आणि माणसांचे फोटो पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. ती प्रत उघडून बघा. मग क्लाउडवरून काढा आणि बिन रिकामा करा.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हा हक्क आपण सरकारकडे, कंपन्यांकडे मागतो, मागायलाच हवा. पण माझ्या फोनमध्ये माझ्या बहिणीचा फोटो असतो, मित्राचा आधार असतो, शेजारच्या खालाचा रिपोर्ट असतो. तिथं हक्क त्यांचा आणि जबाबदारी माझी. आपल्याकडे याला अमानत म्हणतात. आळसापोटी झाली तरी खयानत ती खयानतच.

आपाला मी सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःचा फोन पुढे करून म्हणाली, "आता माझ्याही फोनमधली यादी बघून दे." तुमच्याही घरात कुणीतरी असा फोन घेऊन बसलं असेल. आज रात्री त्यांच्याजवळ अर्धा तास बसा.