मागे घेतलेली फाइल



१९ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या विमानतळावर काही कंपन्यांना प्रवाशांची नोंद हातानेच करावी लागली. क्राउडस्ट्राइक ही अमेरिकन कंपनी संगणकांची राखण करते. तिने त्या दिवशी आपल्या ९ वाजून ३९ मिनिटांनी जगभर एक नवी फाइल धाडली. त्या फाइलीप्रमाणे राखणदार प्रणाली एकविसावे मूल्य पाहू गेली. हाती होती वीसच. झाले! विंडोजवरची यंत्रे कोसळू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशी सुमारे ८५ लाख.

कंपनीने दिरंगाई केली असे मात्र नव्हे. ७८ मिनिटांत, १० वाजून ५७ मिनिटांनी, तिने फाइल मागे घेतली. मग घोटाळा निस्तरायला कित्येक दिवस का लागावेत? कारण, मागे घेतल्याचा निरोप ऐकायला यंत्र जागे असावे लागते. पडलेले यंत्र उठे आणि बहुधा निरोप पोचण्याआधीच पुन्हा पडे. तेव्हा माणसांनी एकेका यंत्रापाशी जाऊन, ते 'सेफ मोड'मध्ये सुरू करून, फाइल पुसली. यंत्रातली माहिती कुलूपबंद असेल, तर आधी ४८ अंकी किल्ली शोधा!

आपल्या कोकणात सावकाश येणाऱ्याला सारे बोल लावतात. त्या दिवशी अकरानंतर ज्याने संगणक लावला, तो सहीसलामत सुटला. (अर्थात कचेरीतल्या मंडळींनी याचा दाखला साहेबांना देऊ नये.)

तोवर त्या प्रकारच्या फाइली सर्व गिऱ्हाइकांना एकदम जात. त्यानंतर कंपनीने त्या आधी थोड्या यंत्रांना, मग टप्प्याटप्प्याने इतरांना धाडण्याचे ठरवले.