तुला कमी काय आहे?



माझी एक मावशी होती. दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की ती माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. समोर मेथीची जुडी असायची, पण निवडायची तशीच राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "डोकं दुखतंय जरा." घरात माणसं चांगली, काका शांत स्वभावाचे, मुलं गुणी. म्हणून शेजारच्या, नात्यातल्या सगळ्या जणी तिला एकच विचारायच्या, "अगं, तुला कमी काय आहे?" मावशी मान खाली घालायची आणि मेथी पुढे ओढायची.

पुष्कळ वर्षांनी एक इंग्रजी चित्रपट पाहताना ती मेथीची जुडी डोळ्यांसमोर आली. चित्रपटाचं नाव 'द अवर्स'. मायकेल कनिंगहॅम यांच्या कादंबरीला 1999 साली पुलित्झर पुरस्कार मिळाला, तिच्यावरून स्टीफन डॉल्ड्री यांनी तो 2002 साली केला. तीन बायका, तीन काळ आणि प्रत्येकीचा मुख्यतः एकच दिवस. 1923 साली लंडनजवळच्या रिचमंडमध्ये लेखिका व्हर्जिनिया वुल्फ 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी लिहायला बसली आहे. 1951 साली लॉस एंजेलिसमध्ये लॉरा ब्राउन नावाची गृहिणी तेच पुस्तक वाचते आहे. आणि 2001 साली न्यूयॉर्कमध्ये क्लॅरिसा नावाची बाई जणू ते पुस्तक जगतेच आहे. कादंबरीतल्या क्लॅरिसा डॅलोवेसारखीच ती सकाळी फुलं आणायला निघते, कारण संध्याकाळी घरी मेजवानी आहे. निकोल किडमन, ज्युलियन मूर आणि मेरिल स्ट्रीप या तिघी जणी ही कामं करतात.

मला आज बोलायचं आहे ते मुख्यतः लॉराबद्दल.

लॉराचं घर छान आहे. नवरा महायुद्धातून सुखरूप परतलेला. लहानगा मुलगा आहे, पोटात दुसरं बाळ आहे. आज नवऱ्याचा वाढदिवस आहे आणि ती झोपून राहिली म्हणून त्याने स्वतःच्या वाढदिवसाची फुलंही स्वतःच आणून ठेवली आहेत. आता सांगा, या बाईला कमी काय आहे? तो कामावर जातो आणि ती मुलाला घेऊन केक करायला बसते. मैदा चाळते, मापं मोजते. मुलाला सांगते, बाबांवर आपलं प्रेम आहे हे त्यांना कळावं म्हणून हा केक. मुलगा विचारतो, केक नाही केला तर त्यांना ते कळणार नाही का? आणि ती म्हणते, नाही कळणार.

या एका प्रश्नोत्तराशी मी दर वेळी थांबते. घरातलं काम नुसतं काम नसतं, तो रोज द्यायचा पुरावा असतो, हे त्या पोराला कळून चुकलं आहे. केक बिघडतो. तेवढ्यात शेजारीण येते, केक पाहते, आणि केक तर कुणालाही जमतो असं काहीसं सहज बोलून जाते. तिच्या मनात वाईट काही नाही. तिला स्वतःला गर्भाशयाच्या गाठीसाठी दवाखान्यात जायचं आहे, तीही आतून घाबरलेली आहे. ती गेल्यावर लॉरा तो केक कचऱ्यात टाकते आणि दुसरा करते. हा दुसरा केक अगदी नीटनेटका होतो. तो पाहून मला भीती वाटली, कारण तो करताना तिने मनाशी काय ठरवलंय ते तिच्या चेहऱ्यावर दिसत असतं. मुलाला शेजारी ठेवून ती एका हॉटेलच्या खोलीत जाते, जीव द्यायला. सोबत 'मिसेस डॅलोवे' असते. तिथे, वाचता वाचता, तिचा बेत बदलतो. ती परत येते, मुलाला घेते, संध्याकाळी मेणबत्त्या लावते.

मग तिचा नवरा मुलाला एक गोष्ट सांगतो. लढाईवर असताना त्याला शाळेतली एक अबोल, एकटी बसणारी मुलगी आठवायची. तिला अशा घरात आणावं, असं आयुष्य द्यावं, या विचारावर तो तिथे तगला. तो मनापासून बोलतो आहे. त्या घरात एकच गोष्ट झालेली नाही. असं आयुष्य तुला हवंय का, हे त्या मुलीला कुणी विचारलेलं नाही.

चांगल्या माणसांच्या घरातलं दुःख दाखवणं फार अवघड असतं. छळणारी सासू, दारुडा नवरा असला की आपल्याला कारण मिळतं. इथे बोट दाखवावं असं कारण नाही, आणि चित्रपट ते खोटं उभंही करत नाही. नैराश्य हा आजार आहे, त्याला नेहमी कारण लागतंच असं नाही. आपल्या बोलीत त्यासाठी शब्द कमी नाहीत. मन लागत नाही, जीव रमत नाही, उठावंसं वाटत नाही. पण घरात मोठ्याने सांगता येतो तो एकच: डोकं दुखतंय.

व्हर्जिनियाला हे आतून माहीत होतं. आई गेली तेव्हा ती तेरा वर्षांची होती, आणि तिचं पहिलं आजारपण तेव्हाचं. पुढे डॉक्टरांनी सांगितलेला इलाज म्हणजे सक्तीची विश्रांती, भरपूर दूध, आणि लिहिणं-वाचणं आवरतं घेणं. जिचा श्वास लिहिण्यात, तिला हे औषध! 'मिसेस डॅलोवे'त युद्धावरून परतलेला सेप्टिमस नावाचा तरुण आहे. त्याचं बोलणं ऐकून न घेणाऱ्या डॉक्टरांवर तिने जे लिहिलं, ते अनुभवातून आलेलं आहे. आज निदान ऐकणारं कुणी शोधता येतं. 14416 या क्रमांकावर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, तिथे मराठीत बोलता येतं. हा आकडा लिहून घ्या. स्वतःसाठी नसेल तर शेजारणीसाठी.

या चित्रपटाशी माझं एक भांडणही आहे. किडमनने नकली नाक लावून केलेलं काम उत्तम आहे, तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. पण पडद्यावरची व्हर्जिनिया फार क्वचित हसते. खरी व्हर्जिनिया गप्पिष्ट होती, खोडकर होती, कष्टाळू होती. तिने आणि नवरा लेनर्डने 1917 साली जेवणघरात हातछपाईचं यंत्र मांडून हॉगर्थ प्रेस सुरू केली. त्यामागे तिचं मन हाताच्या कामात रमावं हाही हेतू होता. चित्रपटात जे 1923 साल आहे, त्याच साली टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड'चे खिळे तिने स्वतः हाताने जुळवले. बोटांना शाई लागलेली ही बाई मला पडद्यावर हवी होती. चित्रपट सुरू होतो तो 1941 साली तिने नदीत जीव दिला तिथून, आणि संपतोही तिथेच. मधल्या अठरा वर्षांत 'टू द लाइटहाऊस', 'ऑरलँडो', 'द वेव्ह्ज', 'अ रूम ऑफ वन्स ओन' ही पुस्तकं झाली. 1940 च्या बॉम्बहल्ल्यांत लंडनमधली तिची घरंही सुटली नाहीत. हे सगळं वगळलं की उरतो फक्त शेवट.

एक गोष्ट मात्र चित्रपटाने अचूक पकडली आहे. व्हर्जिनियाने 1928 साली एका प्रस्तावनेत सांगितलं होतं की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच. मिसेस डॅलोवेच मेजवानीच्या शेवटी मरणार होती, कदाचित स्वतःच्या हाताने. लिहिता लिहिता तिने ते बदललं. बाई जगली. चित्रपटात हा निर्णय आणि लॉराचं हॉटेलमधून परत फिरणं शेजारी शेजारी ठेवलं आहे. रिचमंडमध्ये कागदावर एक बाई मरणातून वाचते, आणि अठ्ठावीस वर्षांनी समुद्रापलीकडे दुसरी.

पण लॉरा घरी राहत नाही. दुसरं बाळ झाल्यावर ती नवऱ्याला, मुलांना सोडून जाते आणि कॅनडात ग्रंथालयात नोकरी करते. तिचा तो लहानगा मोठेपणी कवी होतो, रिचर्ड. क्लॅरिसाची मेजवानी त्याच्याच सन्मानासाठी आहे. एड्सने खंगलेला रिचर्ड त्या संध्याकाळपर्यंत थांबत नाही, आणि त्या रात्री म्हातारी लॉरा क्लॅरिसाच्या दारात येऊन उभी राहते. मुलगा गेला आहे. त्याने एक कादंबरीही लिहिली होती आणि तिच्यात आईला केव्हाच मारून टाकलं होतं, हेही तिला ठाऊक आहे. ती माफी मागत नाही. पश्चात्ताप होतो म्हणणं सोपं झालं असतं, पण पर्यायच नसेल तर त्या शब्दाला अर्थ काय, असं ती विचारते. तिथे मरण होतं, आणि तिने जगणं निवडलं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तिचा राग आला होता. ती हॉटेलकडे निघाली तेव्हा खिडकीशी रडत आईला हाका मारणारं ते पोर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. आजही हलत नाही. राग मात्र उरलेला नाही.

रात्री क्लॅरिसाची तरुण मुलगी ज्युलिया या पाहुण्या बाईसाठी चहा घेऊन खोलीत जाते. घर सोडून गेलेली आई ती हीच, हे तिला माहीत आहे. ती काही विचारत नाही. पुढे होते आणि त्या म्हातारीला जवळ घेते, आणि लॉरा क्षणभर हात कुठे ठेवावेत हे न कळून तशीच उभी राहते.