रविवारचे मानकरी रा. ब. नारायण मेघाजी लोखंडे
(कल्याण येथें झालेलें भाषण)



आज रविवार, म्हणून आपण येथें जमूं शकलों. हा रविवार आपणांस कोणी दिला? मालकांनीं दया येऊन दिला नाहीं. तो एका वर्तमानपत्रकर्त्यानें भांडून मिळविला, आणि तो आपल्याच ठाण्याचा.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास गरीब माळ्याच्या घरीं झाला. पुढें ते मुंबईस गिरणीच्या कोठीवर कामास लागले. गिरणींतला माणूस दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबे. आठवड्याची सुटी नाहीं, पगाराचा दिवस ठरलेला नाहीं, यंत्रांत हात सांपडला तर पुसणारा कोणी नाहीं. हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास ‘दीनबंधु’ पत्र काढलें. तें पैशाअभावीं चालेना, तेव्हां १८८० सालीं लोखंड्यांनीं तें मुंबईस नेऊन चालविलें. पण ज्यांच्यासाठीं लिहावयाचें त्यांतल्या बहुतेकांस अक्षर येत नव्हतें. म्हणून ते नुसते लिहीत बसले नाहींत. १८८४ सालीं त्यांनीं परळास कामगारांची सभा भरविली. रविवारची सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, पगार वेळेवर आणि जखमी झाल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारें ५,५०० जणांच्या सह्या झाल्या. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, आणि दोन कामकरी बायाहि बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजीं मालकांनीं रविवार मान्य केला. खंडोबाचा वार कामकऱ्याच्या घरीं आला!

लोखंडे देव नव्हते. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे आरंभींचे भाग छापून पुढचे छापण्याचें त्यांनीं थांबविलें. जोतीराव रागावले, आणि तो राग रास्तच होता. आपल्या माणसाचा दोष आपणच सांगावा. म्हणजे त्याच्या गुणांवरहि लोक विश्वास ठेवतात.

सरकारनें त्यांस रावबहादूर केलें. ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं प्लेगानें ते गेले. २००५ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट निघालें. पण पदवी आणि तिकीट हा पत्रकर्त्याचा खरा मान नव्हे. ज्यांना त्याचें पत्र वाचतां येत नव्हतें, त्यांच्या चुलीपाशीं त्यानें आठवड्याचा एक दिवस पोंचविला, हा खरा मान.

आतां घरचा हिशेब पाहूं. आपल्या शेतावरच्या गड्याला, दुकानांतल्या पोऱ्याला, भांडीं घासणाऱ्या बाईला आपण सुटी देतों काय? जें मालकाशीं भांडून घेतलें, तेंच आपण मालक झाल्यावर नाकारावें, ही कोठली रीत? येत्या रविवारीं त्यांना रजा द्या, आणि पगार कापूं नका. लोखंड्यांची जयंती याहून चांगली करतां येणार नाहीं.

इतकें सांगून मी आपली रजा घेतों.