होडीचा पंखा निवडताना



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत माझ्या मालवणच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नसते. होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या आणि त्यांची आउटबोर्ड मशिनं माझ्याकडे ओळीनं टांगलेली. गेल्या जुलैत असाच पाऊस कोसळत असताना देवबागचा एक तरुण आला. खाडीतून पर्यटक फिरवतो. होडी अठरा फुटी, मशीन १५ अश्वशक्तीचं. म्हणाला, "काकानू, मोठो पंखो दाखवा. माका स्पीड व्हया."

किनाऱ्यावर आम्ही प्रॉपेलरला पंखाच म्हणतो, तेव्हा मीही तोच शब्द वापरतो. त्या मुलाला मी लगेच पंखा दिला नाही. खुर्ची दिली, चहा मागवला. कारण पंचवीस वर्षांपूर्वी मीही नेमकं हेच मागितलं होतं आणि त्यापायी भावाला आणि मला जिवाशी यायची वेळ आली होती.

तेव्हा माझी स्वतःची होडी होती. मशीन हेच, १५चं. त्याला सव्वानऊ बाय नऊचा पंखा होता. पंख्याच्या मधल्या तुंब्यावर हे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा व्यासाचा. दुसरा आकडा पिचचा, आणि लोक फसतात ते त्याच्यावर. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो ठरावीक आत जातो ना, तसं एका फेऱ्यात पंखा पाण्यात किती पुढे सरकायला हवा, ते अंतर म्हणजे पिच. नऊ इंच म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर. मशिनाचे मिनिटाला ५००० फेरे पडले, तरी खालच्या गिअरमुळे पंख्याचे होतात सुमारे २४००. त्याला २३नं गुणा, मिनिटाला साडेपाचशे मीटर, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. पण हे कागदावर. पाणी काही लाकूड नव्हे, ते सरकतं, निसटतं. या तुटीला स्लिप म्हणतात. होडी जितकी जड, तितकी ही तूट मोठी.

मी मात्र कागदावरचाच हिशेब केला. नऊच्या जागी बारा इंच पिच घातला तर वेग तिसऱ्या हिश्शानं वाढणार! दुकानदारानंही मान डोलावली. बारानं लावला, खाडीत मी एकटा बसून फिरवून पाहिला. काय सांगू, होडी पाण्यावर उचलली आणि उडतच निघाली. मी खूश.

चार दिवसांनी आम्ही सात जण, जाळी, बर्फ असं सगळं घेऊन कर्ली नदीच्या मुखातून बाहेर निघालो. देवबागचा संगम ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असतं, समोरून समुद्राची लाट येते आणि वाळूच्या बांधावर दोघांची गाठ पडली की लाट उभी राहते. तिथं दोन लाटांमधली फट बघायची आणि झटकन निघून जायचं. मी फट बघितली, मूठ पूर्ण पिळली. मशीन घुरघुरलं, पण फेरे चढेनात. चढावर चौथ्या गिअरात अडकलेला ट्रक जसा कण्हतो, तसं. होडी उचललीच नाही. तिसऱ्या लाटेनं पुढचं टोक फिरवलं, चौथी आडवी आत आली. भावानं जाळी समुद्रात लोटली, बाकीचे डब्यानं, हातानं पाणी काढत राहिले, आणि ओहोटीनं नशिबानं आम्हाला बांधाच्या कडेनं बाहेर काढलं. ती जाळी नवी होती. भावानं पुढे वर्षभर तिचा विषय काढला नाही. तो काढला असता तर बरं, असं मला वाटायचं.

चूक कुठं झाली ते कळलं एका छोट्या आरपीएम मीटरमुळे. याची वायर प्लगच्या वायरीभोवती गुंडाळली की फेरे दिसतात. माझ्या मशिनाच्या पुस्तकात लिहिलं होतं, पूर्ण थ्रॉटलला ४५०० ते ५५०० फेरे पडले पाहिजेत. भरलेल्या होडीत बारा इंची पंख्यावर पडत होते ४२००. मशीन आपली पूर्ण ताकद देतच नव्हतं! शिवाय असं कण्हत चालवलं की ते तापतं, कार्बन धरतं, पिस्टनवर येतं ते वेगळंच. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. जुना नऊचा परत लावला, ४८०० झाले. आठचा लावला, ५०००. तोच ठेवला. रिकामी होडी असली की फेरे ५५००च्या वर जाऊ बघायचे, तेव्हा हात आखडता घ्यायचा. फेरे जास्त होणंही मशिनाला तितकंच वाईट.

पंख्याचा इतिहासही गमतीचा आहे. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ आपली होडी चाचणीला घेऊन निघाला. पंखा लाकडाचा, दोन वेढ्यांच्या लांब स्क्रूसारखा. वाटेत त्याचा निम्मा भाग मोडून पडला आणि होडी आधीपेक्षा जोरात धावू लागली! तेव्हा 'मोठा तेवढा चांगला' हा समज पहिल्या दिवसापासूनच बुडालेला आहे.

अर्थात फेरे बिघडले की दोष दर वेळी पंख्याचाच असतो असं नाही. बुडाला कालवं आणि शेवाळ चिकटलेलं असेल तर आधी ते खरवडा. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती होडीच्या तळाच्या पातळीत हवी. मशीन फार उंच बसलं तर पंखा हवा खातो आणि नुसता गरगरतो. मशीन ओरडतं पण होडी हलत नाही, असं झालं तर तुंब्यातलं रबर सुटलं असेल. मी नव्या पंख्यावर आतल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढतो. रेघ तुटून सरकलेली दिसली, की समजायचं रबर फिरलं.

स्टीलचा घ्यावा का, हेही विचारतात. स्टीलचं पातं पातळ, ताठ, वेगाला चांगलं. पण आपला किनारा खडकांचा. अॅल्युमिनियमचं पातं खडकाला लागलं तर वाकतं, आणि ते मी ठोकून सरळ करून देतो. स्टील सहसा वाकत नाही, धक्का थेट गिअरला देतं. गिअरचा खर्च ऐकलात तर पंख्याची किंमत विसराल. दोन अॅल्युमिनियमचे घ्या, एक होडीत ठेवा, सोबत नट, कॉटर पिन आणि पक्कड.

तर तो देवबागचा मुलगा. मी म्हटलं, "झिला, तू एकटो बसून बघशीत तर फसशीत. आठ माणसांचा वजन घाल." नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं तसे आम्ही वाळूनं भरलेल्या गोण्या होडीत टाकून खाडीत गेलो. आधी त्याला हवा होता तो मोठा पंखा लावला. मीटर ४३००वर अडकला. मग त्याचाच जुना लावला, ४९००. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "काकानू, पंखो नको. ह्यो मीटर केवढ्याक?"

मी म्हटलं, घेऊन जा, नंतर दे. अजून त्यानं तो परत आणलेला नाही. देवबागच्या निम्म्या होड्यांवर तो फिरून आला असं कानावर येतं.