किडनीतली गाठ आणि एक साधा प्रश्न

मागच्या वर्षी मामाच्या सोनोग्राफीत किडनीवर पाण्याची गाठ दिसली. एक डॉक्टर म्हणाले, सुईने पाणी काढू. दुसऱ्यांनी आधी विचारलं, "घरी मेंढरं, कुत्री आहेत का?" आहेत ना! मग सीटी स्कॅन केला. मोठ्या गाठीत छोट्या गाठी, म्हणजे हायडॅटिड सिस्ट. कुत्र्याच्या विष्ठेतली टेपवर्मची अंडी पोटात गेली की ही होते. बहुतेकदा लिव्हरमध्ये, किडनीत १०० पैकी २-३ जणांनाच. फुटली तर जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून आधी अल्बेंडाझोलच्या गोळ्या, मग ऑपरेशन. मामा आता ठणठणीत आहे. कुत्र्याला जंताचं औषध द्या, मेंढीचं कच्चं काळीज-फुप्फुस घालू नका, हात धुवा. आणि डॉक्टरांनी नाही विचारलं, तरी घरातली जनावरं सांगाच!