ओल किती, उतारा किती

(कापूस-ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा बैठकीतील भाषण)



तंत्रज्ञानावर बोला, असे मला सांगितले आहे. तंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर येतो, नाही तर बियाण्याची पिशवी. मी दोनच वस्तूंवर बोलणार आहे आणि दोन्ही पिशवीत घालून आणल्या आहेत. एक ओल मोजायचा मीटर. दुसरा सोनाराकडे असतो तसला छोटा बॅटरीचा काटा.

२०२३ च्या दिवाळीनंतर माझ्या दारात खेडा खरेदीचा टेम्पो उभा राहिला. वीस क्विंटल कापूस होता. व्यापाऱ्याने गंजीत हात घातला, मूठ दाबली आणि म्हणाला, "ओल आहे दादा, क्विंटलमागे पाच किलो कटती पडेल." माझ्याही मुठीला कापूस जरा गारच लागला. वेचणीची मजुरी अंगावर होती. मी हो म्हटले. टेम्पो गेला. त्याच संध्याकाळी पाहुणे आले, त्यांच्याजवळ मीटर होता. त्याच गंजीतला थोडा कापूस मागे राहिला होता, त्यात मीटर खुपसला. नऊ टक्के!

आता हिशेब मांडा. कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आठ टक्के ओल धरून भाव देते. आठाच्या वर बारापर्यंत ओलीच्या प्रमाणात कपात होते, बाराच्या वर कापूस घेतच नाहीत. नऊ टक्के म्हणजे क्विंटलमागे किलोभर कटती रास्त. मी पाच दिली. चार किलो जादा, गुणिले वीस क्विंटल, झाले ऐंशी किलो. सात हजारांच्या भावाने ५,६०० रुपये. व्यापाऱ्याने मला पिस्तूल दाखवले नव्हते. त्याने नुसती मूठ दाबली, आणि माझ्याजवळ त्याच्या मुठीला उत्तर नव्हते.

पुढच्या हंगामात आम्ही दहा जणांनी वर्गणी काढून मीटर घेतला. पण मीटर घेतला म्हणजे झाले, असे नाही. गंजीच्या वरवर लावला तर सात दाखवतो, पोटात घातला तर अकरा. तेव्हा पाच जागी, हातभर आत घालून बघायचे आणि सरासरी काढायची. सकाळी दवात वेचलेला कापूस वेगळा ठेवायचा, ताडपत्रीवर ऊन द्यायचे, पण बेताने. बारा टक्क्यांचा क्विंटलभर कापूस आठावर आणला की तो साडेपंचाण्णव किलोच भरतो. त्याहून कडक वाळवला तर आणखी वजन जाते, आणि खेडा खरेदीत त्याचे जादा पैसे देणारा मला तरी अजून भेटलेला नाही. सीसीआयच्या केंद्रावर न्यायचा असेल तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. नोंदणी पोराकडून करून घ्या, पण गाडी भरण्याआधी मीटर स्वतः लावा. तेरा टक्क्यांचा कापूस घेऊन गेलात तर जाण्या-येण्याचे भाडे तुमच्या बोडक्यावर.

आता काटा. शंभर ग्रॅम कापूस मोजून घ्यायचा, हाताने सरकी काढायची, सरकी तोलायची. सरकी ६४ ग्रॅम भरली तर रुई ३६. जिनात थोडी घट येते, ती सोडून द्या. घरच्या बायकांनी तासाभरात तीन नमुने काढले, आणि माझ्याच दोन वावरांतल्या दोन वाणांत तीन टक्क्यांचा फरक निघाला. एक ३३, दुसरा ३६.

तीन टक्क्यांत काय आहे? हिशेबापुरता रुईचा भाव किलोला १५० आणि सरकीचा ३५ धरा, क्विंटलला दोन किलो घट धरा. ३३ उताऱ्याच्या क्विंटलातून जिनवाल्याच्या हाती ७,२२५ येतात, ३६ च्या क्विंटलातून ७,५७०. फरक ३४५ रुपयांचा. मला मात्र दोन्हींना एकच भाव मिळाला! मग माझ्यासारखा माणूस बियाणे निवडताना काय बघणार? बोंड वजनदार आहे की नाही, एवढेच. सरकी जड असली तरी वजन माझेच. अमेरिकेत शेतकरी जिनिंग करून घेतो, पण रुई त्याच्याच मालकीची राहते. प्रत्येक गाठीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत यंत्रावर तपासला जातो आणि धाग्याची लांबी, मजबुती बघून भाव ठरतो. आपल्याकडे १९७२ साली एकाधिकार खरेदी आली तेव्हाही ग्रेडर डोळ्यांनी बघून प्रत लावायचा, आणि आजही बहुतेक ठिकाणी डोळाच चालतो.

मग आपणच जिनिंग का करू नये? केले भावांनो, तेही केले, आणि तोंड पोळले. आठ जणांचा साठ क्विंटल एकाच वाणाचा कापूस भाड्याने जिनिंग करून घेतला. ३४ उतारा पडला, २,०४० किलो रुई, १७० किलोच्या बरोबर बारा गाठी. छाती फुगली. पण व्यापारात सौदा होतो शंभर गाठींचा. बारा गाठींना विचारतो कोण? दोन महिने पडून राहिल्या, व्याज चढले, शेवटी पडत्या भावात दिल्या. सरकीचे पैसे चांगले आले म्हणून जेमतेम कापसाच्या भावाला भाव झाला. शंभर गाठींना पाचशे क्विंटल कापूस लागतो, म्हणजे दहा-दहा क्विंटलवाले पन्नास जण, आणि वाण एकच. कवडी आणि फरदड बाजूला काढणारे, खताच्या प्लॅस्टिक गोणीत कापूस न भरणारे पन्नास जण! गोणीचा एक धागा रुईत गेला की तो कापडापर्यंत जातो आणि गिरणीवाला लॉट नाकारतो. यंत्र मिळेल, पन्नास जण जमवणे कठीण.

म्हणून गेल्या वर्षी आम्ही मधला रस्ता धरला. गाठी नाही केल्या. ३६ उताऱ्याचा कापूस वेगळा ठेवला, नमुना आणि आकडे घेऊन तीन जिनवाल्यांकडे गेलो. दोघांनी हसून वाटेला लावले. तिसऱ्याने स्वतः नमुना काढून पाहिला आणि क्विंटलला दीडशे रुपये जादा दिले. ३४५ चे १५०. भांडण अजून बाकी आहे.

ज्वारीवाल्यांना एकच सांगतो, हा मीटर कापसाचा आहे, ज्वारीत घालू नका, भलताच आकडा दाखवेल. धान्याचा वेगळा मिळतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने वेचणीचा पाव किलो कापूस कापडी पिशवीत आणावा. वर गाव, वाण आणि वेचणी पहिली की दुसरी ते लिहावे. काटा मी आणतो. सरकी काढायला मायबहिणींनाच बसवायचे नाही, पुरुषांनीही बसायचे आहे. कोणत्या गावात कोणता वाण किती उतारा देतो, याचा तक्ता त्याच दिवशी भिंतीवर लावू, म्हणजे एका वाणाचे पन्नास जण कुठे जमतात ते दिसेल.